शाळेत क्लाऊडचा नेमका फायदा काय? फोन बिघडला तरी प्रोजेक्ट कसा वाचतो, समजून घ्या सोप्या मराठीत



गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे माझी भाची, नववीतली. आवाज रडवेला.

"मामा, आईचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. चालूच होत नाहीये. उद्या विज्ञानाचा प्रोजेक्ट दाखवायचाय आणि सगळं त्यातच होतं."

प्रोजेक्ट साधा नव्हता. तीन महिने दर रविवारी गावातल्या नऊ विहिरींचं पाणी दोरी सोडून मोजायचं, तक्ता भरायचा, फोटो काढायचे, आणि पाणी कुठे लवकर उतरतं ते लिहायचं. ते एका रात्रीत पुन्हा करणं शक्यच नव्हतं. विहिरी आहेत तिथेच असल्या तरी ऑक्टोबर परत येत नाही.

मी एकच प्रश्न विचारला, "लिहिलं कशात होतंस?"

"गुगल डॉक्समध्ये. सरांनी तसंच सांगितलं होतं."

मी म्हटलं, मग रडू नकोस, शेजारच्या काकूंचा फोन हातात आहे ना, त्यावरच उघडू. पण खरी गंमत पुढे होती. पासवर्ड आठवेना. ओटीपी जाणार आईच्या नंबरवर, आणि तो फोन तर बंद. शेवटी भिजलेल्या फोनमधलं सिम काढलं, पुसलं, काकूंच्या फोनमध्ये टाकलं. ओटीपी आला. साडेदहाला फाइल उघडली, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत जशीच्या तशी.

फोटो मात्र अर्धेच सापडले. फाइलमध्ये टाकलेले सहा होते. गॅलरीत पडून राहिलेले पाच गेले ते गेलेच, कारण फोटोंचा बॅकअप बंद होता.

आज मला जे सांगायचंय ते सगळं या एका रात्रीत आलंय. क्लाऊडमुळे तुमचं काम फोनला बांधलेलं राहत नाही, ते तुमच्या खात्याला बांधलं जातं. म्हणून क्लाऊडचा फायदा हवा असेल तर खातं जपता आलं पाहिजे. चला, नीट समजून घेऊया.

क्लाऊड कॉम्प्युटिंग म्हणजे काय?

नावात ढग आहे, पण आकाशात काहीच नसतं. तुमची फाइल जमिनीवरच असते, फक्त तुमच्या फोनमध्ये नसून एका मोठ्या इमारतीत असते. त्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतात. तिला डेटा सेंटर म्हणतात. अशी केंद्रं आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडचं एक केंद्र पुण्यात आहे, आणि अ‍ॅमेझॉन व गुगल यांच्या क्लाऊडची मुंबईत आहेत.

गावाकडच्या मित्रांना मी नेहमी पाण्याचं उदाहरण देतो. घरची बोअरवेल असेल तर खोदायचा खर्च तुमचा, मोटर जळली तर दुरुस्ती तुमची, पाणी आटलं तर डोक्याला ताप तुमचा. नळयोजनेत टाकी, मोटर, पाइपलाइन हे सगळं दुसरं कुणीतरी सांभाळतं. तुम्ही फक्त तोटी फिरवता आणि वापराल तेवढ्याचे पैसे देता. शाळेने स्वतःचा सर्व्हर घेणं म्हणजे बोअरवेल. क्लाऊड म्हणजे नळ.

आणि नळाला एक दिवस पाणी आलं नाही तर काय होतं, हेही आपल्याला चांगलंच माहीत आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाऊडच्या पाच खुणा सांगितल्या होत्या. सोप्या भाषेत त्या अशा:

१. हवं तेव्हा आपलं आपण सुरू करता येतं.
२. नेटवरून कोणत्याही यंत्रावर वापरता येतं.
३. यंत्रणा अनेक ग्राहकांमध्ये वाटलेली असते.
४. गरजेनुसार क्षमता पटकन कमी-जास्त होते.
५. किती वापरलं याची मोजदाद होते.

तुम्ही आधीपासूनच क्लाऊड वापरताय

'आमच्या शाळेत कुठलं आलंय क्लाऊड' असं अनेक जण म्हणतात. जरा दप्तर उघडून बघा.

बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ क्यूआर कोड छापलेला दिसेल. तो दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडतो. दीक्षा हा केंद्र सरकारचा प्लॅटफॉर्म ५ सप्टेंबर २०१७ ला, म्हणजे शिक्षकदिनी सुरू झाला. त्या कोडमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त पत्ता असतो. व्हिडिओ असतो सर्व्हरवर. म्हणून छापलेलं पुस्तक तेच ठेवून त्यामागचा व्हिडिओ बदलता येतो, सुधारता येतो. कागदाच्या पुस्तकाला हे कधीच जमलं नसतं.

पुस्तकावर क्यूआर कोड लावायची ही कल्पना आपल्याकडे कुणी रुजवली माहितीये? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. म्हणजे ही गोष्ट फक्त मोठ्या शहरातल्या एसी वर्गांची नाही, तिची सुरुवातच खेड्यातल्या शाळेतून झाली.

दुसरं उदाहरण डिजिलॉकर. १ जुलै २०१५ ला सुरू झालेल्या या सरकारी सेवेत आपल्या बोर्डाच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट मिळतात. डिजिलॉकरमध्ये थेट बोर्डाकडून आलेली प्रत कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते. पुरात, आगीत, घर बदलताना मार्कशीट गेली तर काय हाल होतात, ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं.

आणि गुगल क्लासरूम, गुगल ड्राइव्ह, फोटोंचा बॅकअप हे तर आहेच.

शाळेला आणि विद्यार्थ्यांना काय फायदे?

१) यंत्र बदललं तरी काम तेच राहतं

आपल्याकडे अनेक घरांत एकच फोन असतो. दिवसा बाबा घेऊन जातात, संध्याकाळी ताई, मग दादा. शाळेच्या लॅबमध्येही आज एक कॉम्प्युटर तर उद्या दुसरा. फाइल जर यंत्रात असेल तर दर वेळी तेच यंत्र मिळावं लागतं. फाइल क्लाऊडमध्ये असेल तर लॅबमध्ये दहा ओळी लिहा, घरी फोनवर पुढच्या पाच लिहा.

मी डिप्लोमाला होतो तेव्हा सगळा कारभार पेनड्राइव्हवर चालायचा. सायबर कॅफेत लावला की व्हायरस घेऊनच परत यायचा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की पोटात गोळा यायचा. आजच्या मुलांना ते बघावं लागत नाही, हे मला खरंच बरं वाटतं.

२) एकाच फाइलवर चौघांचं काम

ग्रुप प्रोजेक्टची जुनी पद्धत आठवते? एकाने लिहायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, दुसऱ्याने बदल करून परत पाठवायचं. शेवटी फोनमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' अशा फाइल, आणि सरांकडे जाते नेमकी चुकीची.

गुगल डॉक्स, स्लाइड्स किंवा मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन वर्डमध्ये फाइल एकच असते. चौघे एकाच वेळी आपापल्या घरून लिहू शकतात. समजा एखाद्याने चुकून अर्धी फाइल उडवली, तरी कॉम्प्युटरवर 'फाइल' मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' असते. तिथे कालची, परवाची, तासापूर्वीची फाइल परत आणता येते. कुणी किती काम केलं हेही त्यात दिसतं. 'सगळं मीच केलं' म्हणणाऱ्यांनी जरा जपून राहा!

३) शिक्षकांचा वेळ वाचतो

गुगल क्लासरूम २०१४ मध्ये आलं. शिक्षक एकदा वर्कशीट टाकतात आणि प्रत्येक मुलाला त्याची वेगळी प्रत आपोआप मिळते. कुणी जमा केलं, कुणाचं बाकी आहे, हे एका यादीत दिसतं. गुगल फॉर्म्सवर पर्यायी प्रश्नांची चाचणी घेतली तर तपासणी आपोआप होते.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? मार्क नव्हे, शेरा. वहीत लाल शाईने 'छान' किंवा 'पुन्हा लिही' एवढंच मावतं. इथे शिक्षक नेमक्या वाक्यावर बोट ठेवून लिहू शकतात, 'हे अनुमान तुझ्या तक्त्यातून निघत नाही, परत बघ.' माझ्या भाचीच्या फाइलमध्ये सरांचे असे चौदा शेरे होते. ते तिच्या प्रोजेक्टइतकेच मोलाचे होते, आणि तेही वाचले.

४) शाळेचा खर्च आणि कटकट कमी

स्वतःचा सर्व्हर ठेवायचा म्हणजे खोली, थंडावा, इन्व्हर्टर, सांभाळणारा माणूस असं सगळं आलं. गावातल्या शाळेत कॉम्प्युटर बिघडला तर तो तालुक्याला नेणार कोण, इथूनच प्रश्न सुरू होतो. क्लाऊडमध्ये जड काम तिकडच्या यंत्रांवर होतं, त्यामुळे इकडे साधा ब्राउझर चालेल असा कॉम्प्युटरही पुरतो.

गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांकडेही मान्यताप्राप्त शाळांसाठी मोफत योजना आहे. गुगलच्या मोफत शालेय योजनेत संपूर्ण शाळेला मिळून १०० टीबी जागा मिळते. त्यासाठी शाळेला अर्ज करून आपण शाळा असल्याचं दाखवावं लागतं, आणि शाळेच्या नावाचं डोमेन लागतं. त्याचा वर्षाचा थोडा खर्च येतो.

५) गर्दी झाली तरी यंत्रणा तग धरू शकते

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. साधारण १५ ते १६ लाख विद्यार्थी, त्यांचे आईवडील, मामा, काका, सगळे ठरलेल्या वेळी एकदम वेबसाइट उघडतात. वर्षातले ३६४ दिवस शांत असलेल्या सर्व्हरवर एका तासात लोंढा येतो. त्या एका तासासाठी मोठी यंत्रं विकत घेऊन वर्षभर धूळ खात ठेवणं परवडत नाही. क्लाऊडमध्ये तेवढ्या वेळापुरती जास्त यंत्रं भाड्याने घेता येतात आणि संध्याकाळी परत करता येतात. निस्टच्या यादीतली चौथी खूण म्हणजे हीच. अर्थात तशी तयारी आधी केलेली असेल तरच.

६) वर्गात नसलेल्या मुलापर्यंत वर्ग पोचतो

आजारी पडलेला मुलगा, लांबच्या वाडीवरची मुलगी, परीक्षेच्या आधी गावी जावं लागलेला मित्र. यांच्यासाठी धडा, नोट्स, गृहपाठ एका जागी राहतो.

बीड, अहिल्यानगरसारख्या भागांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासोबत मुलंही जातात. अशा मुलाच्या हातात फडावर निदान मागचे धडे तरी राहावेत, हे क्लाऊडमुळे शक्य आहे. पण हात आखडून 'शक्य' म्हणतोय, कारण फडावर फोनही लागतो, चार्जिंगही लागतं, आणि शिकवणारं माणूस तर लागतंच. तेवढ्यापुरतं अ‍ॅप पुरत नाही.

पण नेट नसेल तर?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्या सगळ्यांना हा धडा मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने गुगलसोबत मिळून शाळांसाठी गुगल क्लासरूमची योजना जाहीर केली. सोय आली, पण ज्याच्या घरी फोन नव्हता किंवा रेंजसाठी टेकडीवर चढावं लागत होतं, त्याला ती फार उपयोगाची नव्हती. क्लाऊड सगळ्यांना सारखं देतो, पण तोटी सगळ्यांच्या घरी नसते.

इथे थोडा हिशोब करूया. समजा धड्याचा व्हिडिओ १०० एमबीचा आहे आणि शाळेच्या नेटचा वेग ४ एमबीपीएस. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. ८ बिट मिळून एक बाइट, म्हणून सेकंदाला अर्धा एमबी येतो. एका यंत्रावर व्हिडिओ उतरायला २०० सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या वर थोडं. आता ४० मुलं तोच व्हिडिओ एकदम बघायला लागली तर एकूण ४ जीबी झाले. तेवढं उतरायला सव्वादोन तास! तास संपेल, व्हिडिओ गोलगोल फिरत राहील.

उपाय सोपा आहे. सरांनी व्हिडिओ आदल्या दिवशी एकदाच उतरवायचा आणि वर्गात टीव्हीवर दाखवायचा, किंवा क्विक शेअरने फोन टू फोन द्यायचा. त्याला नेट लागत नाही. नेट थोडं असेल तर ते गृहपाठ जमा करायला राखून ठेवा. मजकुराची फाइल फार छोटी असते, ती कमी रेंजमध्येही जाते.

तुम्हीही ड्राइव्हमधल्या फाइलच्या तीन टिंबांवर दाबून 'मेक अव्हेलेबल ऑफलाइन' निवडा. मग नेट नसतानाही ती उघडेल, आणि डॉक्समध्ये केलेले बदल रेंज आली की आपोआप वर जातील.

क्लाऊडमध्ये ठेवलं म्हणजे कायमचं सुरक्षित?

नाही मित्रांनो. इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलोय.

माझी चूक: कॉलेजने आम्हाला कॉलेजच्या नावाचं ईमेल खातं दिलं होतं. मी खूश. डिप्लोमाचा रिपोर्ट, सर्किटचे फोटो, सहलीचे फोटो, सगळं त्यातच. पास झाल्यावर काही महिन्यांनी लॉगिन करायला गेलो तर खातंच बंद. कॉलेजची चूक म्हणता येणार नाही, कारण खातं त्यांचंच होतं. मला वाटत होतं ते माझं आहे. तीन वर्षांतलं हाताला लागलं ते फक्त एका मित्राला मेल केलेली पीडीएफ.

म्हणून शाळा-कॉलेजच्या खात्याबद्दल एक लक्षात ठेवा. त्याची किल्ली संस्थेच्या अ‍ॅडमिनकडे असते. शाळा सोडण्याआधी गुगल टेकआउट वापरून आपलं सगळं स्वतःच्या खात्यात किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. टीसी घेता ना, तसंच हेही.

वैयक्तिक खात्यालाही नियम आहेत. गुगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलंच नाही तर ते मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं. ड्राइव्हमधून डिलीट केलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग कायमची जाते. मोफत जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो तिघांत मिळून. ३ एमबीचा एक फोटो धरला तर साधारण ५,००० फोटोंत डबा भरला!

आणि डेटा सेंटरही शेवटी इमारतच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला. म्हणून जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी. शाळकरी मुलांसाठी मी तो सोपा करतो. महत्त्वाचं काम क्लाऊडमध्ये ठेवा आणि एक पीडीएफ घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर टाका. तेवढंही खूप झालं.

तुमची माहिती कोण बघतंय?

वर्गाची यादी, मोबाइल नंबर, मार्क, फोटो हे सगळं क्लाऊडवर जातं. कुलूप नीट नसेल तर ते कुणालाही दिसू शकतं. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली होती की दीक्षा प्लॅटफॉर्मशी संबंधित एक क्लाऊड सर्व्हर संरक्षणाशिवाय उघडा राहिला होता आणि त्यात लाखो शिक्षकांची व विद्यार्थ्यांची माहिती होती. चोराला कुलूप फोडावंच लागलं नसतं, दारच उघडं होतं.

आपल्या पातळीवर हेच लिंक शेअर करताना होतं. 'एनीवन विथ द लिंक' निवडलं की ती लिंक ज्याच्या हाती लागेल तो फाइल उघडू शकतो. ग्रुपच्या चौघांचेच ईमेल टाकून शेअर करा. बाकीच्यांना फक्त 'व्ह्यूअर' ठेवा, 'एडिटर' नको.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती गरजेची धरलीय. म्हणून एखादं अ‍ॅप अभ्यासाच्या नावाखाली कॉन्टॅक्ट, लोकेशन मागत असेल तर 'का?' विचारायचा तुम्हाला आणि तुमच्या आईबाबांना पूर्ण हक्क आहे.

आज रात्री पंधरा मिनिटांत एवढं करा

त्या रात्रीनंतर मी भाचीच्या घरी जाऊन हेच केलं. तुम्हीही करा.

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल, मग 'मॅनेज युअर गुगल अकाउंट', मग 'सिक्युरिटी' उघडा. रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल चालू आहेत का बघा. बंद पडलेला जुना नंबर असेल तर आजच बदला.

२. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा आणि 'बॅकअप कोड' काढा. आठ-आठ अंकी दहा कोड मिळतात. ते कागदावर लिहून मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड आठवत असेल तर फोन आणि सिम दोन्ही गेले तरी एका कोडने खातं उघडू शकतं. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका, त्याचा काय उपयोग?

३. गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू आहे का तपासा. डेटा कमी असेल तर 'फक्त वायफायवर' ठेवा.

४. ड्राइव्हमध्ये प्रत्येक विषयाचं एक फोल्डर करा. फाइलला 'नवीन डॉक्युमेंट' ऐवजी 'विज्ञान_विहिरी_जानेवारी' असं नाव द्या. सापडली नाही तर असून काय फायदा?

५. दुसऱ्याच्या फोनवर किंवा लॅबमध्ये लॉगिन केलं तर काम झाल्यावर खातं काढून टाका. फक्त टॅब बंद केल्याने तुम्ही बाहेर पडत नाही. आम्ही काकूंच्या फोनवरून ते दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की, मग ड्राइव्ह कशाला?
निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅप उत्तम. पण तिथली फाइल प्रत्येकाच्या फोनमध्ये जागा खाते, आणि एकदा डिलीट केली की जुनी फाइल अनेकदा परत उतरत नाही. फाइल ड्राइव्हमध्ये ठेवा, ग्रुपवर फक्त लिंक टाका.

मी बारा वर्षांचा आहे, खातं उघडू शकतो का?
भारतात स्वतःचं गुगल खातं चालवायला वय किमान १३ लागतं. त्याआधी आईबाबा फॅमिली लिंकमधून तुमचं खातं काढून देऊ शकतात. खोटी जन्मतारीख टाकू नका, नंतर खातं अडकलं की सोडवणं अवघड जातं.

मराठीत टाइप करायला वेळ लागतो, काय करू?
जीबोर्डमध्ये मराठी निवडून माइकचं बटण दाबा आणि बोला, अक्षरं आपोआप उमटतात. नंतर जोडाक्षरं आणि विरामचिन्हं मात्र स्वतः तपासा.

क्लाऊड आला म्हणजे वही गेली का?
अजिबात नाही. माझी भाची विहिरीवर वहीतच आकडे लिहायची, रात्री ते फोनवर भरायची. तिच्याकडे वहीही होती, म्हणून एका ओळीतला टायपिंगचा घोळ सापडला.

निष्कर्ष

क्लाऊडने शाळेतली एक जुनी भीती कमी केलीय, ती म्हणजे यंत्र गेलं की मेहनत गेली. फोन फुटो, कॉम्प्युटर बंद पडो, पेनड्राइव्ह हरवो, काम टिकू शकतं. पण ते टिकतं खात्यामध्ये, आणि खातं टिकतं तुमच्या लक्षामध्ये. पासवर्ड, रिकव्हरी नंबर, एक जादा प्रत, आणि शाळा सोडताना आपलं सामान उचलून आणणं, एवढं तुमच्याकडून व्हायला हवं.

हो, सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी भाचीने काकूंच्याच फोनवरून प्रोजेक्ट दाखवला. गेलेल्या पाच फोटोंच्या जागी तिने वहीत त्या विहिरींची चित्रं काढून नेली. सरांनी आधी चित्रं बघितली, मग फाइल.

तुमच्या वर्गात ज्याच्या फोनची स्क्रीन सगळ्यात जास्त फुटलेली आहे, त्याला हा लेख आज नक्की पाठवा. आणि पाठवण्याआधी स्वतःचा रिकव्हरी नंबर तपासा.